झटक्यानंतरचे आयुष्य

हृदयविकाराचा झटका आला की माणूस संपला, फार तर अंथरुणाला खिळला, ही समजूत आपल्यांत दीर्घकाळ रुजलेली होती. तिला धक्का देणारे एक दुखणे इतिहासात नमूद आहे.

१९५५ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर डेन्व्हर येथे सुटीवर होते. २३ तारखेस ते गोल्फ खेळले. त्याच रात्री छातीत कळा सुरू झाल्या. दुपारी कच्चा कांदा खाल्ला होता. त्याचाच हा त्रास, असे वाटले. जगालाही प्रथम अपचन असेच सांगण्यात आले. हृदयविकाराचे निदान होऊन इस्पितळ गाठेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली!

पुढे बॉस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी वार्ताहरांपुढे दुखण्याचे स्वरूप मोकळेपणाने उलगडले. त्या काळी अशा रोग्यास कित्येक आठवडे निजवून ठेवीत. पण लेव्हाइन व लाउन या वैद्यांनी १९५२ सालीच रोग्यास लवकर खुर्चीत बसवावे असे प्रतिपादिले होते, आणि व्हाइट तर चालण्याचे पुरस्कर्तेच होते. आयसेनहॉवर ११ नोव्हेंबरला इस्पितळातून बाहेर पडले, पुढील वर्षी पुन्हा निवडून आले आणि जानेवारी १९६१ पर्यंत राज्यशकट हाकीत राहिले.

विकार कायमचा गेला नव्हता. १९६९ साली त्यानेच त्यांचा अंत केला. परंतु मधली साडेतेरा वर्षे त्यांना लाभली. छातीत कळ येताच ओवा चघळीत बसणाऱ्या आपण सर्वांनी या इतिहासातून दोन गोष्टी घ्याव्यात : दुखणे अंगावर काढू नये, आणि उठल्यावर जगणे सोडू नये.