अवटुन्यूनत्व : टिकून राहणाऱ्या लक्षणांच्या अन्वेषणाचा इतिहास

गळ्यातील अवटु ग्रंथीत (थायरॉइडमध्ये) हॉर्मोने अपुरी तयार झाल्यामुळे उद्‌भवणाऱ्या विकारास अवटुन्यूनत्व म्हणतात. थकवा, वजनवाढ, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता व बौद्धिक मंदता ही त्याची प्रमुख लक्षणे होत. उपचारानंतरही ती टिकल्यास कारण कसे शोधावे, याविषयीची दृष्टी मापनाच्या साधनांबरोबर पालटत गेली.

प्रौढ स्त्रियांतील या विकाराचे वर्णन विल्यम गल यांनी १८७३ मध्ये केले. जॉर्ज मरी यांनी १८९१ मध्ये मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क टोचून एका स्त्रीवर यशस्वी उपचार केले. ती १९१९ पर्यंत जगली. त्या काळी चेहऱ्याची सूज, त्वचा व नाडी यांवरूनच औषधाची मात्रा ठरे. पुढे विश्रांत अवस्थेतील चयापचयाचे मापनही उपयोगात आले. एडवर्ड केंडल यांनी १९१४ मध्ये थायरॉक्सिन हे हॉर्मोन शुद्ध रूपात वेगळे केले व १९२७ मध्ये त्याचे संश्लेषण प्रसिद्ध झाले.

पोष ग्रंथीतून स्रवणारे अवटु-उद्दीपक हॉर्मोन (टीएसएच) रक्तात मोजण्याची पद्धती १९६० नंतरच्या दशकात विकसित झाली. तेव्हा पूर्वीच्या मात्रा पुष्कळदा अतिरिक्त असल्याचे दिसून आले. अतिरिक्त मात्रेने हृदयस्पंदन अनियमित होते व हाडे ठिसूळ होतात. थायरॉक्सिनाचे ट्रायआयडोथायरोनीन या अधिक क्रियाशील हॉर्मोनात रूपांतर शरीरातच होते, हे १९७० मध्ये सिद्ध झाल्यावर केवळ थायरॉक्सिन देण्याची प्रथा दृढ झाली. परिणामतः रुग्णाच्या कथनापेक्षा रक्तातील अंकास अधिक महत्त्व आले.

तथापि अंक प्राकृत असूनही काही रुग्णांची लक्षणे टिकतात. दोन्ही हॉर्मोने एकत्र दिल्यास लाभ होतो, असा निष्कर्ष १९९९ मध्ये एका लहान अभ्यासात निघाला; परंतु नंतरच्या बहुतेक चाचण्यांत त्यास दुजोरा मिळाला नाही. म्हणून अन्वेषणात प्रथम औषध नियमित व रिकाम्या पोटी घेतले जाते का, तसेच लोह वा कॅल्शियम यांच्या गोळ्या त्याच्या शोषणात अडथळा आणतात का, हे पाहतात. हा विकार बहुधा आत्मप्रतिरक्षेमुळे होतो, हे १९५६ नंतर स्पष्ट झाले. त्यामुळे त्याच प्रकारचे इतर विकार, उदा., ब₁₂ जीवनसत्त्वाच्या अभावाचा पांडुरोग, सीलिॲक रोग व अधिवृक्क ग्रंथीची न्यूनता, यांचा विचार करावा लागतो. यांपैकी अधिवृक्क न्यूनता न ओळखता थायरॉक्सिन दिल्यास जीवितास धोका संभवतो. निद्रेतील श्वासरोध व अवसाद यांचाही शोध घेतात. पोष ग्रंथीच रोगग्रस्त असल्यास टीएसएचचा अंक फसवा ठरतो. अशा वेळी रक्तातील मुक्त थायरॉक्सिन मोजावे लागते. प्राकृत अंक मात्रा पुरेशी असल्याचे सहसा दर्शवितो. तक्रारीचे कारण मात्र त्यावरून कळत नाही.