दाद न देणाऱ्या पेशी

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. संपन्न देशांत दहापैकी जवळपास नऊ मुले त्यातून बरी होतात. उरलेल्यांचा आजार औषधांना दाद का देत नाही, हे समजण्यासाठी डीएनएतले बिघाड पाहून भागत नाही. कोणते जनुक किती जोमाने काम करते, म्हणजेच त्याची अभिव्यक्ती, हेही मोजावे लागते.

2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 173 मुलांच्या ल्युकेमिया पेशींवर प्रयोगशाळेत चार औषधे आजमावली गेली. बी-पेशींच्या ल्युकेमियात दाद देणाऱ्या आणि न देणाऱ्या पेशींमध्ये प्रेडनिसोलोनसाठी 33, विन्क्रिस्टिनसाठी 40, अस्पॅराजिनेजसाठी 35 आणि डॉनोरुबिसिनसाठी 20 जनुकांची अभिव्यक्ती वेगळी आढळली. बेरीज 128, पण एकूण निरनिराळी जनुके 124. म्हणजे चारही याद्यांत सामाईक असे जवळजवळ काही नाही. ‘केमोथेरपीला रोध’ हा शब्दप्रयोग किती ढोबळ आहे ते इथे दिसते. शिवाय त्यांतल्या 121 जनुकांचा या औषधांच्या रोधाशी संबंध आधी कोणी जोडलेलाच नव्हता.

अर्थात यादीत नाव असणे म्हणजे गुन्हा शाबीत होणे नव्हे. कार्यकारणभाव सिद्ध करायला यंत्रणाच उलगडावी लागते. प्रेडनिसोलोन पेशीतल्या ग्राहक-प्रथिनाला चिकटते, ती जोडी केंद्रकात जाऊन जनुकांची कामे बदलते आणि अखेर पेशी आत्मनाश पत्करते. यात अडथळा कुठेही येऊ शकतो. एमसीएल-1 हे प्रथिन वाढले, तर शेवटची पायरीच अडते. 2006 मध्ये रॅपामायसिन या औषधाने ते घटवल्यावर प्रयोगशाळेतल्या पेशी पुन्हा दाद देऊ लागल्या. 2015 मध्ये आणखी आधीचा अडथळा सापडला: काही पेशींत कॅस्पेज-1 हे विकर जास्त बनते आणि ग्राहक-प्रथिनच कापून टाकते. तिथे त्या विकराच्या जनुकाच्या नियंत्रक भागावरील, जनुक दाबून ठेवणाऱ्या मिथाइल खुणा कमी झालेल्या होत्या. मला हा सगळ्यांत आशादायक प्रकार वाटतो, कारण अशी स्थिती निदान तत्त्वतः उलटवता येते.

एनटी5सी2 जनुकातल्या उत्परिवर्तनाचे तसे नाही. त्याने त्या जनुकाचे विकर अतिक्रियाशील होऊन मर्कॅप्टोप्युरिन हे औषध निष्प्रभ ठरते. आरएनए मोजून, म्हणजे अभिव्यक्ती तपासून, ते कळेलच असे नाही.

रुग्णालयात आज भरवसा आहे तो उपचारानंतर अस्थिमज्जेत उरलेल्या कर्कपेशी मोजण्यावर, आणि तो रास्तच आहे. मात्र ती मोजणी कोणते औषध कुठे अडले हे सांगत नाही. अभिव्यक्तीची चाचणी ते सांगू शकेल, पण लाखो पेशींची सरासरी काढली की आजार पुन्हा उद्भवायला कारण ठरणारा मूठभर पेशींचा गट त्यात बुडून जातो. म्हणून आता एकेका पेशीतला आरएनए स्वतंत्रपणे वाचला जातो.