फोर्डगाडी आणि शेतकऱ्याचा पाना

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमची पिकअप टोमॅटोचे ऐंशी कॅरेट घेऊन पहाटे बाजाराला निघाली आणि घाटाच्या पायथ्याशीच रुसून बसली. चालकापुढच्या फळीवर एक पिवळा दिवा लागला, इंजिनाचा जोर गेला आणि गाडी बैलाच्या चालीने चालू लागली. पुतण्याने बॉनेट उघडले, तर आत सारे काही काळ्या झाकणांखाली दडलेले. कुठे हात घालावा तेच कळेना. फोन केले, विनवण्या केल्या. तज्ज्ञ माणूस आला तेव्हा दहा वाजून गेले होते. त्याने आपली छोटी संगणकाची पेटी गाडीला जोडली, आकडे वाचले, आणि एका तारेचे सैल झालेले टोक पुसून पुन्हा घट्ट बसवले. काम पाच मिनिटांचे. पण तोवर लिलाव आटोपला होता. त्या दिवशी मालाला काय भाव मिळाला ते सणासुदीच्या अंकात न सांगितलेलेच बरे.

परतताना पुतण्या म्हणाला, "काका, आजोबांची जीप असती तर आपणच काही तरी केलं असतं."

"काय केलं असतं?" मी विचारले.

"ते नाही सांगता येत, पण निदान आत बघता तरी आलं असतं!"

त्याचे हे बोलणे माझ्या मनातून जाईना. मी इतिहासाचा शिक्षक. राजांच्या वंशावळी शिकवण्यात उभा जन्म गेला. पण ज्या गाडीने आमच्या घरात दोन पिढ्या अन्न आणले, तिची वंशावळ मी कधी पाहिली नव्हती. ती पाहू लागलो, आणि थेट अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या अंगणात जाऊन पोहोचलो.

*

1908 सालच्या ऑक्टोबरात हेन्री फोर्डने आपली 'मॉडेल टी' बाजारात आणली. फोर्ड हा मिशिगन प्रांतातल्या शेतकऱ्याचा मुलगा. खेड्यातले रस्ते म्हणजे काय असतात हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणून त्याने गाडी जमिनीपासून चांगली उंच ठेवली, हलक्या पण चिवट व्हॅनेडियम पोलादाची केली, आणि इंजिन चार सिलिंडरांचे, वीस अश्वशक्तीचे बसवले. त्या इंजिनाचे डोके, म्हणजे वरचे झाकण, बोल्ट सोडले की उचलून बाजूला ठेवता येई. आज यात काही विशेष वाटत नाही. पण स्वतःच्या गोठ्यापुढे, मोजक्या पान्यांनिशी, शेतकऱ्याला इंजिनाचे अंतरंग दिसावे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती.

या गाडीचा साधेपणा तरी किती! पेट्रोल चढवायला पंप नाही. टाकी बैठकीखाली, आणि पेट्रोल आपल्या वजनाने उतरून इंजिनाकडे जाई. त्यामुळे टाकी अर्धीमुर्धी असताना उभा चढ आला की पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचतच नसे. मग अमेरिकन गृहस्थ काय करीत? गाडी सरळ फिरवीत आणि टेकडी उलट्या तोंडाने चढत! टाकीत पेट्रोल किती ते पाहायला काटा नव्हता. बायकामंडळींना बैठकीवरून उठवायचे, गादी उचलायची आणि टाकीत काठी बुडवायची. पाणी खेळवायलाही पंप नव्हता. तापलेले पाणी वर जाते आणि निवलेले खाली येते, या निसर्गाच्या नियमावरच सारा कारभार चाले.

सुरुवातीची कित्येक वर्षे गाडी सुरू करायला पुढून हँडल मारावे लागे. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, ही पहिली शिकवण. नाही तर इंजिनाने उलटा हिसका दिला की मनगट मोडलेच म्हणून समजा. थंडीच्या दिवसांत आतले तेल गोठून क्लच चिकटून बसे, आणि इंजिन सुरू होताच गाडी हळूच पुढे सरकून मालकालाच भिंतीशी दाबू पाही. त्यावर शेतकऱ्यांनी तोड काढली होती: मागचे एक चाक जॅकवर उचलून ठेवायचे आणि मग हँडल मारायचे. चाक हवेत फिरत राहते, गाडी जागची हलत नाही.

या जॅकवर उचललेल्या चाकातूनच पुढचे सारे रामायण घडले असे म्हटले तरी चालेल. चाक हवेत फिरतेच आहे, तर त्याला पट्टा का लावू नये? शेतकऱ्यांनी पट्टे लावले. त्या एका चाकावर लाकूड कापायची करवत चालू लागली, मक्याची कणसे सोलली जाऊ लागली, विहिरीचे पाणी वर येऊ लागले. कपडे धुण्याचे यंत्र आणि लोणी काढायची रवीसुद्धा फोर्डगाडीला जुंपली गेली. पुढे काही कारखानदारांनी या गाडीचा ट्रॅक्टर करण्याची जोडसामग्रीच विकायला काढली. मागची चाके काढून मोठी लोखंडी दातेरी चाके लावायची की गाडी नांगराला तयार. पण वीस अश्वशक्तीचे ते इंजिन दिवसभर नांगर ओढताना तापून लाल होई. 1917 साली फोर्डचाच स्वस्त 'फोर्डसन' ट्रॅक्टर निघाला आणि हा उद्योग मागे पडला.

दुरुस्तीची तऱ्हाही अशीच. या गाडीला गिअर बदलायला दांडा नव्हता. पायाखाली तीन पट्टे होते, तेच गिअर नि तेच ब्रेक. पट्ट्यांचे अस्तर सुती, ते झिजे. पायाखालची फळी उचलून, झाकण काढून, ते घरीच बदलायचे. मात्र त्या वेळी हातातला नट सुटून आत पडला, तर तो काढताना अख्खा दिवस जाई आणि तोंडातून जे शब्द निघत ते मुलांनी ऐकण्यासारखे नसत. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजून खडखड करू लागले, तर गाव गाठण्यापुरता कमरेच्या चामडी पट्ट्याचा तुकडा कापून आत बसवायचा. रेडिएटर गळू लागला तर त्यात कोंडा नाही तर ओटचे पीठ टाकायचे. ते फुगून भोक बुजवी. हे वाचले आणि मला हसू आले. आमचे ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकतात, आणि गळक्या टाकीला धुण्याचा साबण चोळतात! सात समुद्रांपलीकडच्या त्या शेतकऱ्याची आणि आमच्या हायवेवरच्या ड्रायव्हरची गाठ कधी पडली नव्हती. पण अडचण एक, म्हणून अक्कलही एकच.

*

आता पिकअपच्या जन्माची कथा. शेतकऱ्याला रविवारी प्रार्थनेला जायला मोटार हवी होती, पण सोमवारी दुधाचे डबे, बटाट्याची पोती नि एखादे वासरूही न्यायचे होते. दोन गाड्या घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा दोन माणसांच्या फोर्डगाडीची मागची पेटी काढून त्याने तिथे फळ्यांचा हौदा ठोकला. कोणी गावच्या सुताराकडून करवून घेतला, कोणी स्वतःच केला. असे हौदे विकणारे छोटे कारखानेही निघाले. कंपनी हे पाहत होती. अखेर 1925 सालच्या 15 एप्रिलला फोर्डने स्वतःच पोलादी हौद्याची गाडी जाहीर केली: किंमत 281 डॉलर, हौदा 56 इंच लांब नि 13 इंच खोल, मागे उघडझाप करता येणारा फाळका, आणि चार कोपऱ्यांत खुंट्या रोवायला खाचा. त्या खुंट्यांच्या खाचा मला फार बोलक्या वाटतात. त्यांचा अर्थ असा की, हौद्याच्या कडा कशाने नि किती उंच करायच्या ते कंपनीने घेणाऱ्यावर सोपवले होते. पहिल्याच वर्षी अशा तेहतीस हजारांहून अधिक गाड्या खपल्या.

म्हणजे पिकअपचा आराखडा एखाद्या बड्या अभियंत्याच्या टेबलावर प्रथम उमटला नाही. तो हजारो अंगणांत, करवतीने नि खिळ्यांनी, आधीच रेखला गेला होता. कारखान्याने तो उचलला. इतिहासाच्या पुस्तकांत शोध लावणाऱ्यांची नावे असतात. या सुतारांची नावे कुठे नाहीत.

1927 सालच्या मे महिन्यात ही गाडी बंद झाली, तेव्हा दीड कोटींवर गाड्या रस्त्यावर आलेल्या होत्या. त्यानंतर दोनच वर्षांनी महामंदी आली, आणि घरच्या पान्याची किंमत खरी कळली ती तेव्हा. दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी उठवलेली शेतकरी कुटुंबे जुन्या गाड्यांवर संसार लादून कॅलिफोर्नियाकडे निघाली. जॉन स्टाइनबेकच्या 1939 सालच्या 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' या कादंबरीतले कुटुंब अशाच एका गाडीतून जाते. ती मुळात हडसन कंपनीची बंदिस्त मोटार. मागचे छत कापून तिचा ट्रक केलेला. वाटेत सोबतच्या कुटुंबाच्या गाडीचा कनेक्टिंग रॉड जातो, आणि घरातले दोघे भाऊ भंगाराच्या आवारातून दुसरा आणून तो रस्त्याकडेलाच बसवतात. ही गोष्ट काल्पनिक असली, तरी तशी माणसे खरोखरच होती. ज्याच्या घरी पाना चालवणारा हात होता, तो पुढे गेला.

आणि ज्यांच्याजवळ पेट्रोललाही पैसे उरले नाहीत त्यांनी काय केले? कॅनडातल्या शेतकऱ्यांनी मोटारीचे इंजिन काढून टाकले आणि पुढे घोडे जुंपले! तेव्हाचे पंतप्रधान बेनेट, म्हणून या वाहनाचे नाव पडले 'बेनेट बग्गी'. अमेरिकेत अशाच गाड्यांना अध्यक्ष हूव्हरचे नाव मिळाले. थट्टाच ती, पण पोटातून आलेली. आपल्याकडच्या टायरगाडीची इथे आठवण होते. रबरी टायरांवर चालणारी आणि बैलांनी ओढलेली ती गाडी उसाच्या हंगामात साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर किती पिढ्यांनी पाहिली आहे!

*

या वंशावळीची एक शाखा आमच्या मुंबईपर्यंत आली. फोर्डने 1926 साली हिंदुस्थानात शाखा काढून गाड्यांची जोडणी सुरू केली, 1928 साली जनरल मोटर्सने शिवडीला कारखाना घातला, आणि महाराष्ट्राच्या गावोगावी 'सर्व्हिस मोटारी' धावू लागल्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा त्यांच्या मागे कोळशाची भट्टी बसली. कोळसा अपुऱ्या हवेत जाळायचा, त्यातून निघणारा ज्वालाग्राही वायू गाळून इंजिनात सोडायचा. जोर कमी पडे; चढावर उतारूंना उतरून ढकलावे लागे. माझे वडील हे हसत सांगत, पण 'गाडी थांबली नाही बरं का!' हे पालुपद मात्र दर वेळी असे.

स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला विलिजच्या जीपगाड्यांची जोडणी सुरू केली. तशीच एक जुनी जीप वडिलांनी सत्तरीच्या दशकात सरकारी लिलावात घेतली. 1973 साली तेलाचे भाव भडकले होते, पेट्रोल परवडेना. तेव्हा तालुक्याच्या मिस्त्रीने तिचे इंजिन काढून एका ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन बसवले. लोहाराने मागे अँगलचा सांगाडा केला, सुताराने बाभळीच्या फळ्या ठोकल्या. मागचे पाटे दोन-दोन वाढवले. अमेरिकेतल्या त्या अंगणांची गोष्ट वडिलांनी ऐकलीही नव्हती, पण केले तेच.

घरच्या हाताचे मी येथे केवळ गोडवे गात नाही. पाटे वाढवले तरी ब्रेक तेच राहिले होते, हे मला आज कळते. हौदा दुप्पट भरला की उतारावर आम्हा मुलांचा जीव मुठीत असे. आपल्या 1988 सालच्या मोटार वाहन कायद्याने नोंदलेल्या गाडीत मनमानी बदल करण्यास मनाई केली, ती उगाच नव्हे. नव्या गाड्या धूर कमी करतात, पेट्रोल-डिझेल वाचवतात, धडकेत माणूस वाचवतात. ते त्या झाकणांखालच्या यंत्रणेमुळेच. हे सारे मान्य केले पाहिजे.

तथापि बदल करणे वेगळे आणि बिघाड पाहणे वेगळे. गाडी माझी, हप्ते माझे, मग बिघाड काय आहे एवढे तरी मला वाचता का येऊ नये? हा प्रश्न केवळ आमच्या पुतण्याला पडलेला नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 साली मतदारांनी कौल दिला की, गाडीचे निदान करण्याची माहिती मालकाला आणि बाहेरच्या मिस्त्रीलाही मिळाली पाहिजे. तिथले शेतकरी ट्रॅक्टरच्या संगणकासाठी तेच भांडण भांडत आले आहेत. आपल्याकडेही 2022 साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. ज्या देशात उलटी चढणारी फोर्डगाडी प्रत्येकाला उघडता येत होती, तिथेच शंभर वर्षांनी गाडी उघडण्याचा हक्क मागावा लागावा, ही इतिहासाची गंमत म्हणावी की आणखी काही?

यंदा दसऱ्याला पाने, पकड, हातोडी पुजायला काढली, तेव्हा पुतण्याने गोठ्यामागची ताडपत्री ओढली. आजोबांची जीप गेली पंधरा वर्षे तिथे उभी आहे. हौद्याच्या फळ्या वाळवीने खाल्ल्या आहेत, पण इंजिन हाताने फिरते. तिने आता रस्त्यावर जाऊ नये. शेताच्या वाटेवर शेणखत वाहिले तरी पुष्कळ. रोज संध्याकाळी तो हेडचे बोल्ट सोडतो आणि काढलेला प्रत्येक भाग ओळीने गोणपाटावर मांडतो. मी कंदील, म्हणजे आता विजेरी, धरून उभा असतो. दिवाळीपर्यंत ती सुरू होईल असे वाटत नाही. काल एक नट आत पडला. तो शोधताना रात्रीचे दहा वाजले. आणि पुतण्याच्या तोंडून जे शब्द निघाले, ते मी ऐकले नाहीत असे दाखवले.