लाकडावरची आगगाडी

आगगाडी म्हटली की कोळसा आठवतो. पण १८५६ साली मद्रासकडे आगगाडी सुरू झाली तेव्हा खाणी दूर, म्हणून इंजिनात जंगलचे लाकूडच जळे. रुळांखालीही लाकूडच! पुढे १८६५ व १८७८ साली सरकारने जंगलाचे कायदे केले. रेल्वेचे लाकूड राखले गेले, मोळीवालीची वाट मात्र अडली.

मी माहेरी चूल फुंकली आहे. मोळीला नावे ठेवत नाही. पण जुन्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेते, नर फटीतून तिला भरवतो. झाड तुटले की ती बाळंतिणीची खोलीच गेली. शंभर वर्षे साठवलेला कर्बवायू घटकाभरात सुटतो, तो परत घ्यायला रोपाला तितकीच वर्षे लागतात. इंग्लंडातले ड्रॅक्सचे वीजघर आजही अमेरिकेतून आणलेल्या लाकडाच्या गोळ्या जाळते, आणि हिशेबात तो धूर शून्य धरतात!