ओवी फाटली कशी?

दौंडहून शिरूरला जाऊन आम्ही एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. मायक्रोफोनचा संकेत जेमतेम काही मिलिव्होल्टचा; तो प्रीॲम्प्लिफायरने वाढवून घरगुती रेकॉर्डरला दिला. घरी ऐकले, तर चढा सूर प्रत्येक ठिकाणी फाटलेला! उपकरणे दोन्ही निर्दोष. मग चुकले काय?

उत्तर इतिहासात आहे. टेलिफोन अभियंत्यांनी 600 ओहमवर 1 मिलिवॅट, म्हणजे 0.775 व्होल्ट, हे माप धरले. 1939 मध्ये बेल प्रयोगशाळा, सीबीएस व एनबीसी यांनी मिळून व्हीयू मीटर ठरवला आणि स्टुडिओत 1.23 व्होल्टची पातळी रूढ झाली. घरगुती उपकरणांत तारा आखूड आणि किंमत कमी हवी, तेथे 0.316 व्होल्ट पुरले. आमचा प्रीॲम्प्लिफायर स्टुडिओच्या घराण्यातला होता. रेकॉर्डरच्या पहिल्याच टप्प्यात जवळजवळ चौपट संकेत शिरला आणि लहरींचे माथे कापले गेले. पुढे आवाज कमी करून कापलेला माथा परत येत नाही.

उपाय वर्गातही करून पाहता येतो. 30 आणि 10 किलोओहमचे रोध एकसर जोडावेत आणि 10 किलोओहमच्या रोधावरचे विभवांतर रेकॉर्डरला द्यावे. ते मूळच्या चौथा हिस्सा असते.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. आवाजात टिकल्या त्या काही हजारच. म्हणून आधी पातळी जुळवावी, मग आजींना गायला सांगावे.