परदेश दौऱ्यासाठी बिझनेस क्लास : किफायतशीर तिकीट कसे मिळेल?

नाशिक, प्रतिनिधी – सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजक असो वा निफाड-दिंडोरीचा द्राक्ष निर्यातदार, त्याचा युरोप दौरा विमानतळावर नव्हे, घराच्या दारातच सुरू होतो. ओझर विमानतळावरील नियमित प्रवासी सेवा देशांतर्गत शहरांपुरती आहे. त्यामुळे आधी सुमारे १७० किलोमीटरवरील मुंबई गाठणे भाग पडते. युरोपला जाणारी बरीचशी विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. सायंकाळी नाशिक सोडायचे, घाट उतरून विमानतळावर दोन-तीन तास काढायचे, सुमारे नऊ तास खुर्चीत अवघडून बसायचे आणि सकाळी फ्रँकफर्टला उतरून थेट ग्राहकाशी भावाची बोलणी करायची, असा हा क्रम असतो. अशा वेळी आडवे होण्यापुरती जागा ही चैन राहत नाही. मात्र इकॉनॉमीच्या कित्येक पट भाडे लहान कारखान्याला झेपत नाही, हेही तितकेच खरे.

बिझनेस क्लासचा भाव एकच असतो, हा समज पहिल्यांदा दूर करायला हवा. एकाच केबिनमधील आसने विमान कंपन्या वेगवेगळ्या 'बुकिंग क्लास'मध्ये विकतात. तिकिटावरील जे, सी, डी, झेड, पी यांसारखी अक्षरे त्यासाठीच असतात. कोणते अक्षर सर्वांत स्वस्त, हे कंपनीगणिक बदलते. आसन आणि भोजन तेच. फरक असतो तो तारीख बदलण्याची मुभा, परतावा आणि मिळणाऱ्या मैलांमध्ये. सवलतीच्या वर्गातील आसने मोजकी असतात व ती आधी संपतात. अनेक सवलतीच्या भाड्यांना किमान मुक्कामाची किंवा शनिवारची रात्र परदेशात काढण्याची अट असते. सोमवारी जाऊन शुक्रवारी परतणाऱ्यास म्हणूनच महाग तिकीट पडते. परतीचा दिवस रविवारवर ढकलला, तर हॉटेलचे दोन रात्रींचे भाडे भरूनही एकूण खर्च कमी होऊ शकतो. हा हिशेब दरवेळी मांडून पाहावा.

नाशिककरांचे बरेचसे दौरे प्रदर्शनांच्या निमित्ताने होतात. फेब्रुवारीत बर्लिनचे 'फ्रूट लॉजिस्टिका', एप्रिलमध्ये हॅनोव्हरचा औद्योगिक मेळा. त्यांच्या तारखा बऱ्याच आधी ठरतात. त्या विमान कंपन्यांनाही ठाऊक असतात. त्यामुळे प्रदर्शनाच्या गावाचेच तिकीट काढण्याचा हट्ट नसावा. हॅनोव्हरला जाणाऱ्याने हॅम्बुर्ग, फ्रँकफर्ट येथपर्यंतचे भाडेही पाहावे. पुढचा प्रवास रेल्वेने सुखाने होतो. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतण्याचे तिकीटही मिळते. रॉटरडॅमच्या आयातदाराला भेटून ॲमस्टरडॅमहून परतणाऱ्यांना ते सोयीचे ठरते.

खर्च कमी करण्याचा सर्वांत व्यवहार्य मार्ग म्हणजे फक्त जातानाची रात्र बिझनेस क्लासमध्ये काढणे. युरोपहून दुपारी निघणारे विमान मध्यरात्रीच्या सुमारास मुंबईत पोहोचते. त्या प्रवासात झोपेची गरज फारशी नसते. इकॉनॉमी वा प्रीमियम इकॉनॉमी पुरते. असे मिश्र तिकीट मात्र दोन स्वतंत्र एकेरी तिकिटे म्हणून काढू नये. अनेक कंपन्यांचे एकेरी भाडे परतीच्या भाड्याच्या निम्म्याहून बरेच अधिक असते.

दुबई, दोहा, अबुधाबी किंवा इस्तंबूलमार्गे जाणारी तिकिटे थेट विमानांपेक्षा बहुधा स्वस्त पडतात. पण मुंबई-दुबई अंतर जेमतेम तीन तासांचे. मध्यरात्री उठून विमान बदलावे लागले, तर पलंगासाठी मोजलेले पैसे वाया जातात. आखूड टप्प्यावर विमान लहान असेल, तर 'बिझनेस'च्या खुर्च्या पूर्ण आडव्या होतीलच असे नाही. विमानाचा प्रकार व आसनांचा नकाशा आधी पाहावा. २३ जून २०२५ रोजी कतारची हवाई हद्द काही तास बंद झाली, तेव्हा दोहामार्गे जाणाऱ्यांचे वेळापत्रक कोलमडले होते. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर पुढची सोय करणे कंपनीवर बंधनकारक ठरते. स्वस्त पडते म्हणून तुकड्या-तुकड्यांत तिकिटे काढणाऱ्याला ते संरक्षण नसते. तिकिटाचा पहिला टप्पा न वापरता पुढच्या विमानात बसण्याची युक्तीही करू नये. उरलेले सारे टप्पे रद्द होतात.

कराचा मुद्दा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीखेरीज अन्य वर्गांच्या विमान तिकिटांवरील जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला; इकॉनॉमीवर तो ५ टक्केच राहिला. करपात्र भाडे दोन लाख रुपये धरले, तर कर ३६ हजार होतो. नोंदणीकृत उद्योगाला व्यवसायासाठी केलेल्या प्रवासावर या कराचे क्रेडिट मिळू शकते. त्यासाठी आरक्षणाच्या वेळीच कंपनीचे नाव व जीएसटी क्रमांक अचूक द्यावा लागतो. विमान कंपनीचे बीजक मागून घ्यावे; एजंटाचे सेवाशुल्काचे बीजक वेगळे असते आणि तेवढ्याने तिकिटावरील क्रेडिट मिळत नाही. मालकाने घाईत वैयक्तिक नावावर तिकीट काढले, की हिशेबनिसाच्या हाती काही उरत नाही.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो लवकर केला, तर सवलतीचे भाडे हातचे जात नाही. व्हिसा हाती येण्यापूर्वी परतावा न मिळणारे तिकीट घेणे हा जुगारच. इकॉनॉमीचे तिकीट काढून उड्डाणाआधी वरच्या वर्गासाठी बोली लावण्याची सोय अनेक कंपन्या देतात, पण बोली स्वीकारली जाईल याची शाश्वती नसते. एमिरेट्स, कतार एअरवेज, सिंगापूर एअरलाइन्स यांनी लहान-मध्यम कंपन्यांसाठी गुणांच्या योजना आखल्या आहेत. त्यात प्रवाशाच्या मैलांशिवाय कंपनीच्या खात्यावरही गुण जमा होतात. वर्षात तीन-चार दौरे असतील, तरच त्यांचा उपयोग जाणवतो.

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाली. त्यामुळे तिकिटावर 'मुंबई' असे वाचून थांबू नये. विमानतळाचा संकेत बीओएम आहे की एनएमआय, हे पाहूनच नाशिकहून गाडी ठरवावी.