व्हेयानिअस बंधूंची बाग : एका रोमन उल्लेखाचा पुनर्विचार

रोमन मधुव्यवसायाचा विषय निघाला, की व्हेयानिअस नावाच्या दोन भावांचे उदाहरण हटकून दिले जाते. मार्कस टेरेन्शियस व्हॅरो याने इ. स. पू. 37 मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात असताना, जो कृषिग्रंथ रचला त्याच्या तिसऱ्या भागात ते आले आहे. हे भाऊ रोमच्या उत्तरेकडील फालेरीच्या मुलखातले. स्पेनमध्ये व्हॅरोच्या हाताखाली त्यांनी शिपाईगिरी केली होती. वडिलांकडून त्यांना मिळाले ते एक लहानसे घर आणि जेमतेम एक युगेरुम जमीन, म्हणजे आपल्याकडील सुमारे 25 गुंठे. घराभोवती त्यांनी मधमाश्यांच्या पेट्या मांडल्या. आणि मधापासून त्यांची प्राप्ती 10,000 सेस्टर्सच्या खाली कधी गेली नाही, असे व्हॅरो सांगतो.

अभ्यासकांची दृष्टी बहुधा या आकड्यावरच खिळते. वस्तुतः त्याच ठिकाणी, घरामागील भाजीपाल्याखेरीज उरलेल्या जमिनीत भावांनी काय लावले, हेही नमूद आहे : थाइम, सायटिसस आणि लिंबाच्या वासाची मेलिसा. ही निवड सहज झालेली दिसत नाही. याच प्रकरणात अन्यत्र व्हॅरो पहिल्या दोन वनस्पतींची कामे वेगळी ठरवितो. मधासाठी थाइम श्रेष्ठ. सिसिलीच्या मधाची ख्याती तो थाइमच्या विपुलतेमुळेच मानतो. सायटिसस हे शेंगवर्गीय झुडूप मात्र माश्यांच्या, विशेषतः अशक्त माश्यांच्या, आरोग्यासाठी. कारण वसंतसंपातापासून शरदसंपातापर्यंत ते फुलत राहते. एक झाड विकण्याच्या मधाचे, दुसरे माश्या जगविण्याचे, असा हा भेद आहे. हिवाळ्यासाठी तर व्हॅरो फुलांवर विसंबतच नाही. उकडलेल्या अंजिरांचे गोळे पेट्यांजवळ ठेवावेत, असे सांगतो.

25 गुंठ्यांतील फुलोऱ्यावर एवढा मध निघणे कठीण. माशी कुंपण मानीत नाही; कोसभर लांबचा फुलोराही ती गाठते. तेव्हा मधाचा मोठा हिस्सा शेजाऱ्यांच्या शेतांतून व माळांवरून आला असावा, आणि बाहेरचा बहर ओसरल्यावर पेट्या तगवून धरणे हे बागेचे काम असावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. व्हॅरो तसे म्हणत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे.

तथापि त्याने दिलेला आणखी एक तपशील या अनुमानाला पोषक आहे. हे भाऊ घाईने, पडत्या भावात मध विकीत नसत. आपल्या सोयीच्या वेळी व्यापाऱ्याला देता यावा म्हणून ते थांबत. पेट्या वर्षानुवर्षे टिकतील याची खात्री नसलेल्या मालकाला असे थांबणे परवडले नसते.